काटेसाहेबांची शंका

“डॉक्टर, हिचा हात जरा लुळा पडलाय, तो सुधारतोय. डोकं शाबूत आहे. मग त्या शाबूत डोक्याला वायरी कशाला चिकटवायच्या?”

काटेसाहेब खाटेच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभे होते. समोरची डॉक्टर वयानं त्यांच्या मुलीएवढी. सकाळपासून तीन वॉर्ड फिरून आलेली, तरी आवाजात चिडचिड नव्हती.

“काका, वायरींतून आत काहीच सोडत नाही आम्ही. मेंदूच्या लहरी असतात, त्यांची फक्त नोंद होते. पक्षाघाताच्या झटक्यानंतर मेंदूवर एक व्रण राहतो, जखमेचा राहतो तसा. काही जणांच्या बाबतीत त्या व्रणाच्या कडेच्या पेशी पुढे भलत्याच वेळी ठिणग्या टाकतात आणि मग फिट येते. कुणाला येईल, कुणाला नाही, हे नुसतं पेशंटकडे बघून कळत नाही. आलेख काढला तर अंदाज येतो.”

“अंदाज?” काटेसाहेबांनी शब्द हवेतच पकडला.

“हो, अंदाज. खात्री नाही देता येत.”

“म्हणजे दुकानदार म्हणाला, ‘घ्या, किलोभर असेल बहुतेक’, तर आम्ही मान डोलवायची!”

डॉक्टर हसली. खाटेवरच्या मावशी, काटेसाहेबांच्या पत्नी, त्याही हसल्या, पण त्यांचं हसू अजून एका बाजूनं जरा तिरकं पडत होतं.

“आम्ही असे बरेच आलेख जमवतोय,” डॉक्टर म्हणाली, “म्हणजे पुढच्या पेशंटना...”

झालं! काटेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. जमवताय? म्हणजे प्रयोग! म्हणजे आमची बायको पिंजऱ्यातला उंदीर! आणि आलेखात काहीतरी निघणार, मग जन्माच्या गोळ्या, आणि त्या गोळ्या खालच्याच दुकानात मिळणार. हे सगळं त्यांच्या मनात एका दमात येऊन गेलं. तोंडानं मात्र ते एवढंच म्हणाले, “नको. आम्ही घरी जातो.”

“अहो, पण मला...” मावशींनी बोलायला सुरुवात केली.

“तू पड गं.”

आणि मावशी पडून राहिल्या.

काटेसाहेबांचं खरं आडनाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते वजनमापे निरीक्षक. बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत कुजबूज धावायची, ‘काटेसाहेब आले!’ पारड्याखाली चिकटवलेलं लोखंड, आतून पोखरलेलं वजन, तळाला मेण थापलेलं तेलाचं माप, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. उभं आयुष्य लबाडी शोधण्यात गेलं, त्यामुळे संशय अंगात मुरला होता. घरात ताप बघायचा तर दोन थर्मामीटरनं. घड्याळ आणि रेडिओ यांची वेळ जुळली नाही तर ते आधी रेडिओवर संशय घेत. मावशी म्हणायच्या, “लग्नात मला बघायला आले तेव्हा यांनी माझी उंचीसुद्धा डोळ्यांनी मोजून घेतली असणार.”

मावशी घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवत. गल्लीतल्या निम्म्या मुलांचे पहिले दात मावशींनी पाहिलेले. कुणाला कुठलं गाणं म्हटलं की झोप येते, कोण रडतंय खरं आणि कोण नुसतं गळा साफ करतंय, हे त्यांना दुसऱ्या खोलीतून कळायचं. एका सकाळी एका मुलाच्या सदऱ्याचं बटण लावता लावता त्यांचा डावा हात एकदम ढिला पडला. त्यांची मुलगी घरात होती. तिनं आईचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि क्षणाचाही उशीर न करता दवाखाना गाठला. मेंदूत गुठळी होती, ती वेळेत विरघळली. जीव वाचला, बोलणं वाचलं. हात रेंगाळत होता, एवढंच.

आता खरं सांगायचं, तर काटेसाहेबांना यंत्राची जेवढी शंका होती, त्याहून जास्त एका शब्दाची भीती होती. फिट! आपण सगळे या शब्दाला कसे बिचकतो, आठवून बघा. साखर वाढली, दाब वाढला, गुडघे गेले, हे आपण चारचौघांत कौतुकानं सांगतो. फिट येते म्हटलं की आवाज खाली जातो, दार लोटून घेतलं जातं. आणि पाळणाघर चालवणाऱ्या बाईच्या नावापुढे हा शब्द लागला तर? आलेखच नाही काढला तर तो शब्द कुणाच्या तोंडी येणारच नाही, असा त्यांचा हिशेब होता.

घरी आल्यावर मावशी हळूहळू उभ्या राहिल्या. काही आठवड्यांनी दोन-चार मुलं पुन्हा यायला लागली. सकाळी मुलगी मदत करून कामावर जाई. काटेसाहेब बाजारातली फेरी आटोपून दुपारी घरी येत आणि मुलांच्या मागं मागं फिरत. घर पुन्हा भरलं. मावशींच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग एका दुपारी जेवताना त्यांनी ते पाहिलं.

मावशींचा डावा हात टेबलावर होता आणि अंगठा हलत होता. एकटा अंगठा, टकटक टकटक, जणू कुणी दुसराच तो हलवत होता. मावशींची नजर समोरच्या भिंतीवर होती. तिथं काहीच नव्हतं.

“काय गं?”

उत्तर नाही.

“अगं, ऐकतेस का?”

अंगठा थांबला. मावशींनी डोळे मिचकावले. “काय म्हणालात?”

“काही नाही. आमटी... म्हणजे पाणी दे म्हटलं.”

‘थकवा,’ ते मनाशी म्हणाले. ‘इतक्या मोठ्या दुखण्यातून उठलीय, थकवा असणारच.’ पण दुसऱ्यांदा अंगठा हलायला लागला तेव्हा मुलगी खोलीत येत होती. काटेसाहेबांनी काय करावं? त्यांनी हातातलं वर्तमानपत्र हळूच बायकोच्या हातावर टाकलं. झाकलं! ज्या माणसानं आयुष्यभर दुकानदारांच्या काट्यावरची फडकी उचलून बघितली, त्यानं स्वतःच्या घरात फडकं टाकलं.

मुलीनं पाहायचं ते पाहिलंच. त्या दिवसापासून घरात एक वेगळीच हवा शिरली. मुलगी गॅलरीत फोनवर बोलायची आणि बाप आला की आवाज उतरवायची. बाप दाराआड थांबून कान द्यायचा. एकदा त्यांनी स्पष्ट ऐकलं, “हो डॉक्टर, अंगठाच. नाही, बाबा तयार नाहीत.”

“माझ्यामागं त्या बाईला फोन करतेस?” ते दारातून पुढे आले.

“तुमच्यासमोर केला असता तर करू दिला असता?”

“तिनं तुला बरोबर गाठलंय. एकदा आलेखात नाव अडकलं की सुटका नाही. तुला काय कळतंय यातलं?”

“मला एवढंच कळतंय की आईचा हात हलतोय आणि तुम्ही दुसरीकडे बघताय. बाबा, निदान जाऊन विचारू तरी.”

“विचारायचं काय त्यात? मला सगळं माहीत आहे.”

मुलगी आत निघून गेली. बाबांना सगळं माहीत आहे म्हटल्यावर या घरात पुढे कुणी बोलत नसे.

पण संशय काही एका घरात बसून राहत नाही. पाळणाघरात चिंगी नावाची एक गुटगुटीत पोर येत असे, जेमतेम दोन-दोन शब्द जोडायला शिकलेली. तिची आई पोस्टात खिडकीवर बसायची. एका संध्याकाळी मुलीला कडेवर घेताना ती घुटमळली.

“काका, विचारू का? मावशी बोलता बोलता मधेच थांबतात का हो? काल मी सोडायला आले तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या, पण जणू दिसतच नव्हते मी त्यांना.”

“झोप झाली नव्हती तिची,” काटेसाहेब म्हणाले. “डास फार झालेत.”

किती सहज म्हणाले! त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. ‘साहेब, कालच तपासून घेतलाय काटा,’ असं म्हणणाऱ्या दुकानदारांचा सूर. पोस्टातल्या बाईंनी मान हलवली, पण जाताना एकदा मागं वळून पाहिलं. ते वळून पाहणं काटेसाहेबांना खुपलं. ही कुणाकुणाला सांगेल? हिला कुणी सांगितलं असेल? गल्लीत दोन बाया बोलताना दिसल्या तरी त्यांना वाटायचं, आपल्याच घराबद्दल चाललंय.

आणि मग ती दुपार आली.

मुलीला त्या दिवशी सुट्टी होती, ती मागं कपडे वाळत घालत होती. काटेसाहेब स्वयंपाकघरात दूध कोमट करत होते. पुढच्या खोलीत दोन मुलं झोपली होती, एक ठोकळ्यांशी खेळत होतं आणि मावशी खुर्चीत बसून मांडीवरच्या चिंगीला केळं भरवत होत्या. चमचा खाली पडल्याचा आवाज झाला. मग दुसरा आवाज झाला, जड. आणि मग चिंगीची किंकाळी!

काटेसाहेब धावले. मावशींची मान डावीकडे वळली होती, डोळे वर गेले होते, डावा हात झटके देत होता, आणि बघता बघता ते झटके सगळ्या अंगात पसरले. चिंगी मांडीवरून घसरून टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

“दातखीळ बसली!” काटेसाहेब ओरडले आणि पडलेला चमचा उचलून बायकोच्या दातांत घालायला लागले. चमचा दातांवर खटखट आपटत होता.

“बाबा, नको! तोंडात काही घालू नका!” मुलगी ओल्या हातांनी आत आली. तिनं आईला खुर्चीतून खाली घेतलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली दुपटं सरकवलं. “धरूनही ठेवू नका. टेबल बाजूला घ्या. चिंगीला उचला!”

“तुला हे कुणी...”

“डॉक्टरांनी. फोनवर.”

झटके थांबले. मावशी घोरल्यासारखा श्वास घेत पडल्या होत्या. ठोकळ्यांशी खेळणारं पोर अंगठा तोंडात घालून भिंतीला चिकटून उभं होतं. मुलगी रुग्णवाहिकेतून आईबरोबर गेली आणि काटेसाहेब मुलांपाशी थांबले. एकेका घरी निरोप गेले. सगळ्यांत आधी पोस्टातल्या बाई धापा टाकत आल्या.

“काय झालं हिला?”

चिंगीचा ओठ टम्म सुजला होता. काटेसाहेबांनी तिला आईकडे दिलं.

“खेळताना पडली. टेबलाचा कोपरा लागला.”

“मावशी कुठं आहेत?”

“तपासणीला गेल्यात. नेहमीच्याच.”

बाईंनी टेबलाकडे पाहिलं, जमिनीवर सांडलेल्या केळ्याकडे पाहिलं, काटेसाहेबांकडे पाहिलं आणि निघून गेल्या.

काटेसाहेब दवाखान्यात पोचले तेव्हा दिवस कलला होता. मावशी जाग्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, जीभ कडेला चावली गेली होती, शब्द जड येत होते. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. मावशींनी पहिला प्रश्न विचारला तो चिंगीचा.

“ओठ फुटलाय जरासा. बरी आहे.”

“तिच्या आईला काय सांगितलंत?”

काटेसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

“अहो, काय सांगितलंत?”

“खेळताना पडली म्हणून.”

मावशींनी डोळे मिटले. बराच वेळ त्या तशाच होत्या. काटेसाहेबांना वाटलं, पुन्हा काही होतंय की काय! पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा नजर अगदी ताळ्यावर होती.

“खोटं बोललात.”

“तुझ्यासाठीच बोललो ना! पाळणाघर बंद पडलं तर तू झुरशील.”

“माझ्यासाठी? मला विचारलंत कधी? आलेख काढायचा की नाही, मला विचारलंत? मी बोलायला लागले तर म्हणालात, पड. डोकं माझं होतं हो!”

इतक्या वर्षांच्या संसारात मावशींनी असा आवाज कधी काढला नव्हता.

“एक सांगा,” मावशी एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. “तुम्ही दुकानात शिरलात आणि दुकानदारानं काट्यावर फडकं टाकलं, तर तुम्ही काय समजता?”

“लबाडी आहे समजतो. दुसरं काय?”

“मग माझ्या हातावर वर्तमानपत्र टाकलंत, ते काय होतं?”

तिला कळलं होतं! काटेसाहेबांची मान खाली गेली.

“आणि शंका आली म्हणून तुम्ही दुकानातून पळून येता का? नाही. पिशवीतलं खरं वजन काढता, काट्यावर ठेवता, दहा प्रश्न विचारता, समोरच्याला घाम फोडता. मग इथं का नाही फोडलात? त्या डॉक्टरला विचारायचं, यंत्र कोण तपासतं? प्रयोग करताय का? गोळ्या देणार का? ती चुकली असती तर उठून आलो असतो दोघं. न बघता, न विचारता नको म्हणालात, त्याला तपासणी नाही म्हणत. ती भीती होती, आणि भीतीला तुम्ही शंकेचे कपडे घातलेत!”

बोलून त्या दमल्या. काटेसाहेबांनी त्यांचा डावा हात हातात घेतला. तो गार होता. या माणसाच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. आज बायकोनं पाहिलं.

“उद्या काढू आलेख,” ते म्हणाले. “तुझी हरकत नसेल तर.”

“नाही. पण तुम्ही तिथं बसा. आणि विचारा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शांत, अंधाऱ्या खोलीत मावशींना आरामखुर्चीत बसवलं. यंत्र चालवणारी तरुणी केस विंचरून फणीनं भांग पाडत, मापाची पट्टी डोक्यावरून फिरवत खुणा करत होती आणि पेस्ट लावून एकेक वायर चिकटवत होती. पट्टी बघून काटेसाहेब पुढे सरकले.

“हे माप कशासाठी?”

“प्रत्येकाचं डोकं लहानमोठं असतं. वायरी ठरल्या जागीच बसल्या पाहिजेत.”

“आणि तुमचं यंत्र बरोबर दाखवतंय, हे कशावरून?”

तरुणीनं त्यांच्याकडे पाहिलं. “इकडे या. सुरुवातीला आम्ही यंत्रालाच एक सिग्नल देतो, ठरलेल्या मापाचा. सगळ्या रेघा सारख्या उंचीच्या उमटल्या पाहिजेत. एक जरी लहानमोठी आली तर पुढे जायचं नाही.”

पडद्यावर सगळ्या रेघा एकदम सारख्या उठल्या आणि सारख्या बसल्या. काटेसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ठरलेल्या मापाचं वजन ठेवून काटा तपासायचा! हे तर त्यांचंच काम होतं.

“यात मनातलं दिसतं का हो?” त्यांनी हळूच विचारलं.

“नाही, काका.”

“दिसलं असतं तर यांची पंचाईत झाली असती,” वायरींच्या जाळ्यातून मावशी म्हणाल्या आणि तरुणी खुदकन हसली. मग तिनं मावशींना डोळे मिटायला सांगितलं, खोल श्वास घ्यायला सांगितलं, समोर दिवा लुकलुकवला. रेघा वाहत राहिल्या. काटेसाहेब खुर्चीच्या कडेवर बसून डोळ्यांत तेल घालून बघत होते. एका बाजूच्या रेघांमधे मधेच सुळके उठत होते, दुसऱ्या बाजूला नव्हते. एवढं त्यांनाही दिसलं.

डॉक्टरनं ते सुळके दाखवले. “उजव्या बाजूला, गुठळी होती त्याच जागेच्या कडेला. म्हणून डावा अंगठा हलत होता. त्या बारीक फिटच होत्या, काका. आता आपण गोळी सुरू करू.”

काटेसाहेबांनी घसा खाकरला. मनात इतके दिवस कुजत ठेवलेले प्रश्न आज बाहेर काढायचेच होते. “तेव्हा आलेख काढला असता, तर तुम्ही तेव्हाच गोळ्या लावल्या असत्या ना? जन्माच्या?”

“नाही. एकही फिट आलेली नसताना नुसत्या आलेखावर मी सहसा गोळ्या लावत नाही.”

“काय?”

“खरंच नाही. मी फक्त सावध केलं असतं. अंगाचा एखादा भाग आपोआप हलला, बोलता बोलता थांबल्या, तर लगेच या. शेगडीपाशी एकटं नको. मूल घेऊन एकटं नको. बास, इतकंच.”

“आणि ते आलेख जमवता, ते?”

“ज्यांची तयारी असते त्यांचेच घेतो, नाव काढून टाकून. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडत नाही. हे मी त्या दिवशीच सांगणार होते. तुम्ही पुढे ऐकलंच नाहीत.”

काटेसाहेबांनी कपाळावरून हात फिरवला. ज्या गोळ्यांच्या भीतीनं ते पळाले, त्या गोळ्या कुणी देणारच नव्हतं! एक प्रश्न विचारला असता तर!

“डॉक्टर, खरं सांगा. तेव्हा ऐकलं असतं तर कालची फिट टळली असती?”

“ते मी सांगू शकत नाही. कदाचित आली असतीच. आलेख भविष्य सांगत नाही. पण फिट आली तेव्हा मावशींच्या मांडीवर मूल नसतं.”

त्याच दिवशी काटेसाहेब पोस्टात गेले. खिडकीपुढे रांग होती, ते रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा बाईंनी मान वर न करता विचारलं, “काय हवंय?”

“काही नको. मी काल तुमच्याशी खोटं बोललो.”

बाईंचा शिक्का मारणारा हात थांबला. रांगेतल्या लोकांनी कान टवकारले. काटेसाहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण ते थांबले नाहीत.

“चिंगी खेळताना पडली नाही. माझ्या बायकोला फिट आली आणि मूल मांडीवरून पडलं. त्याआधीही तिचा हात हलायचा. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं.”

“मला कळलंच होतं,” बाई सावकाश म्हणाल्या. “पोरगी घरी गेल्यापासून एकच म्हणतेय. मावशी हलली, मावशी हलली.”

“माफ करा.”

“काका, मी चिंगीला आता तुमच्याकडे ठेवणार नाही. पण एक नीट ऐका. मावशींना फिट येते म्हणून नाही. दुखणं काय, कुणालाही येतं. तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी ऑफिसातून अर्धी रजा काढून मावशींजवळ बसले असते. तुम्ही खोटं बोललात म्हणून नेतेय मी माझी मुलगी.”

रांगेत मागं कुणीतरी खोकलं. काटेसाहेब बाजूला झाले. आयुष्यात त्यांनी कित्येकांना तोंडावर लबाड म्हटलं होतं, आज पहिल्यांदा तो शब्द न उच्चारताही त्यांना लागला होता.

मावशी घरी आल्यावर त्यांनीच सांगून सगळ्या आईबापांना बोलावलं. पुढच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली. काटेसाहेब उठून उभे राहिले, पण मावशींनी त्यांना हातानं बसवलं.

“माझ्या डोक्याची गोष्ट आहे, मीच सांगते,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. गुठळी, अंगठा, आलेखातले सुळके, गोळी. “गोळीनं बहुतेक आटोक्यात राहील, पण शब्द देत नाही. यापुढे मी मुलांसोबत एकटी बसणार नाही. दुसरी बाई येणार आहे. उचलणं, भरवणं, आंघोळ ती करेल. मी गाणी म्हणेन, गोष्टी सांगेन, आणि लबाड रडणारे ओळखेन.”

थोडं हसू फुटलं. मग मुलीनं जमिनीवर आडवं पडून दाखवलं. माणसाला कुशीवर वळवायचं. भोवतीच्या टणक वस्तू दूर करायच्या. दाबून धरायचं नाही, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. घड्याळ बघत राहायचं आणि झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर थेट दवाखाना. काटेसाहेबांनी आपण चमचा कसा घालत होतो, तेही सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

दोन घरांनी आपली मुलं काढून घेतली. एका आजोबांनी जाताना नाकाला रुमालही लावला, जणू हा हवेतून पसरणारा रोग! बाकीची मुलं राहिली. एका बापानं तिथंच हळू आवाजात सांगितलं, त्याच्या भावालाही फिट येते आणि घरच्यांनी ती आजवर लपवली आहे, भाऊ कुठं जात नाही की येत नाही. “उद्या त्याला घेऊन येतो, मावशी. तुम्ही बोला त्याच्याशी.”

पोस्टातल्या बाई आल्या नव्हत्या. पण काही आठवड्यांनी त्या एका संध्याकाळी चिंगीला घेऊन आल्या, मुलगी ठेवायला नव्हे, मावशींना भेटायला. चिंगीनं दारातच विचारलं, “मावशी हलली?” मावशी म्हणाल्या, “हलली होती गं बाळा. आता औषध घेते.” पोरीचं तेवढ्यानं समाधान झालं आणि ती ठोकळ्यांकडे पळाली.

मोठ्यांचं समाधान मात्र इतकं सोपं नसतं. काटेसाहेब आजही संशयी आहेत आणि त्यांनी तसंच असावं. डॉक्टर असो, यंत्र असो, औषध असो, शंका घेणं हा आपल्या प्रत्येकाचा हक्कच आहे. पण मनात कोंडलेली शंका सडते आणि तिचं रूपांतर खोट्यात होतं. ती डॉक्टरपुढे मांडा, पुन्हा पुन्हा विचारा, आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्या माणसाला सगळ्यांत आधी विचारा. आणि आपल्या शेजारीपाजारी कुणाला फिट येत असेल, तर आवाज खाली आणू नका, दार लोटू नका. आपण दार लोटतो म्हणूनच तो माणूस आपला हात झाकून बसतो.